घामेजलेलं सरपण

ये, अशी जवळ सरक जरा. कान पकडायचाय तुझा, पत्रातूनच. रागावत नाहीये गं, म्हणजे रागावतेच आहे, पण मायेनं. काल तू एवढ्या कौतुकानं फोटो पाठवलास, नव्या घराच्या मागच्या अंगणात सरपण रचलंस त्याचा. रचलंस झकास, त्यात खोट काढणार नाही. ढलप्या सारख्या मापाच्या, टोकं एका रेषेत, कपाटात साड्यांच्या घड्या लावाव्यात तशी. पण त्यावरची ती निळी ताडपत्री! वरपासून जमिनीपर्यंत, चारी बाजूंनी, कडा विटांखाली दाबून, वरून दोरीनं करकचून आवळलेली. आणि खाली तुझं वाक्य, ‘काकू, आता कितीही पाऊस पडू दे.’ अगं, ते सरपण आहे की दिवाळीच्या फराळाचा डबा? मी चष्मा लावला, फोटो बोटांनी मोठा केला, आणि ताडपत्रीच्या एका उलटलेल्या कोपऱ्याशी पाण्याचे बारीक मणी धरलेले दिसले.  चहा हातातच राहिला. फोटोला वास नसतो हे मला कळतं, एवढी काही म्हातारी झाले नाही अजून. पण आला. बंद ट्रंकेत ओले कपडे विसरून गावाला जावं आणि महिन्यानं झाकण उघडावं, तसला कुबट, गोडसर, घशात बसणारा वास. तो वास मी एकदाच घेतलाय आयुष्यात, आणि त्यात दोष माझा होता.

हे तुला कधी सांगितलं नाही. कुणालाच नाही. आमच्या ह्यांना माहीत आहे, कारण ते तिथे उभे होते.

तुला ठाऊकच आहे, हे रिटायर झाले आणि आम्ही एडिनबरातला फ्लॅट विकून या गावात आलो. बसनं तासाभराचं अंतर, पण बसच तासाभरानं येते. सगळ्यांनी वेड्यात काढलं. दुकान एक, देऊळ नाही, कोथिंबीर मिळत नाही, काय करणार तिथे? खरं सांगू, मी घर पाहायला आले तेव्हा घर पाहिलंच नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेजारच्या अंगणातली लाकडं पाहिली आणि ह्यांना म्हटलं, घेऊन टाका. एवढी लांबलचक भिंतच होती ती लाकडांची, माझ्या खांद्याएवढी. बर्चच्या झाडाची पांढरी साल, मधूनच अ‍ॅशचे पिवळसर काप, आणि कापलेल्या तोंडांवर ती वर्तुळं. मी कोकणातली. वैशाखात अंगणभर सरपण पसरलेलं असायचं आमच्याकडे. आगोटीच्या, म्हणजे पाऊस लागायच्या आधी सगळी बेगमी व्हायला हवी, तांदूळ, मिरच्या, सुकी मासळी आणि लाकूडफाटा. ऊन असं रणरणतं की आठ-पंधरा दिवसांत लाकूड तडकायला लागायचं, भर दुपारी त्याचा आवाज यायचा. मग ते पडवीत रचायचं, वर झावळ्या, वर कागद, आणि चारी बाजूंनी असं बांधून टाकायचं की चार महिन्यांत वाऱ्याची झुळूकही आत जाऊ नये. बांधायचं काम माझं. एकदा माझ्या गाठीतून पाणी शिरलं आणि गौरीच्या दिवशी चूल पेटेना, तेव्हा आईनं जे सुनावलं होतं ते आजही कानात आहे. हे तर पुण्याचे, पेठेतले, गॅसच्या शेगडीवर वाढलेले. लाकूड म्हणजे बॅट, एवढाच त्यांचा संबंध. त्यामुळे या घरात सरपणातलं मला कळतं, असा माझा तोरा.

शेजारीण ऐंशीच्या पुढची. मी तिला मनातल्या मनात म्हातारी म्हणते, ते प्रेमानं. काटक, बुटकी, नाक सदा लाल. पहिल्या दिवशी कुंपणापलीकडून तिनं मला ‘हेन’ अशी हाक मारली. मी चमकलेच. या वयात, ओळख नाही पाळख नाही, मला कोंबडी म्हणते? हे हसून हसून खाली बसले, मग म्हणाले, अगं, इथे बायांना लाडानं तसंच म्हणतात. पुढे तीच हाक इतकी अंगवळणी पडली की तिनं कधी नावानं हाक मारली तर मला वाटायचं, काही चुकलं की काय माझं.

त्या म्हातारीचं घर लाकडावर चालायचं. हौस म्हणून नव्हे. लॉग बर्नर, म्हणजे लाकडं जाळायची लोखंडी शेगडी, एकच, बैठकीच्या खोलीत, त्याच्यावर खोल्या गरम, त्याच्यावर किटली, त्याच्याजवळ खुर्ची. मुलगा एकुलता एक, खाली इंग्लंडात, मेडनहेडला, कॉम्प्युटरमधल्या मोठ्या नोकरीत. त्याचा जीव टांगणीला. दर फोनला म्हणायचा, आई, आमच्या जवळ एक छान जागा आहे, वृद्धांसाठीच आहे, तुझी स्वतःची खोली, नर्स असते, चल. आणि हिचं उत्तर ठरलेलं. ‘ज्या दिवशी मला माझा विस्तव सांभाळता येणार नाही, त्या दिवशी ये न्यायला.’ हे ती मलाही सांगायची, चहा ओतता ओतता. बजावूनच सांगायची. माझ्या समोर त्यांचा हा करार झालेला होता म्हण ना. विस्तव आहे तोवर घर आहे.

मला ती कौतुकानं शिकवायची. दोन ढलप्या घेऊन एकमेकींवर आपटायची. वाळलेली असली तर टण्ण आवाज, ओली असली तर थप्प, उशीवर चापटी मारल्यासारखा. आज तोडलेलं लाकूड ती पुढच्या वर्षीसुद्धा जाळायची नाही, त्याच्या पुढच्या वर्षी. मला ते ऐकूनच दमायला व्हायचं. त्र्याऐंशीव्या वर्षी बाई पंच्याऐंशीव्या वर्षाचं सरपण रचतेय, आणि चेहऱ्यावर काही नाही. मी ऐकायचे, मान डोलवायचे, आणि खरं सांगते, अर्धं ऐकायचेच नाही. कोकणातलीला काय शिकवते, असं आत कुठेतरी होतंच.

मग ती पडली. पानगळीचे दिवस, दारातल्या पायरीवर ओली पानं, खुबा मोडला. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये चढवताना माझा हात धरून म्हणाली, ‘हेन, लाकडांवर लक्ष ठेव.’ एवढंच. ना मांजरीचं बोलली, ना घराच्या किल्लीचं. लेकरू सोपवून जावं तशी सोपवून गेली गं.

आणि दुसऱ्या दिवसापासून पाऊस. इथला पाऊस तुला माहीत आहे, कोसळत नाही, नुसता लोंबकळत राहतो. मी खिडकीतून बघायचे, तिच्या लाकडांवर वर एक पत्र्याचा तुकडा, आणि बाजू सताड उघड्या! माझा जीव कासावीस. म्हटलं, गेली बिचारी अर्धवट टाकून. ह्यांना दुकानात पाठवलं, दोन मोठ्या ताडपत्र्या आणवल्या. अख्खी भिंत झाकली मी. खाली दगड, वर दोरी, कोपरे आत दुमडून, लहानपणच्या त्याच गाठी मारून. हात थंडीनं बधिर झाले, पण मागे सरकून पाहिलं तेव्हा मला काय वाटलं सांगू? आई असती तर नाव ठेवायला जागा राहिली नसती. सहा आठवडे मी रोज खिडकीतून ती निळी ताडपत्री बघायचे आणि मनात म्हणायचे, काळजी करू नका बाई, थेंब आत गेला नाही.

थेंब आत गेला नाही हे खरंच होतं. आतला बाहेर गेला नाही.

तिला घरी आणलं तो शनिवार. मुलगा आठवडाभराची रजा काढून आलेला. मी मुगाचं कढण करून नेलं होतं, हेही माझ्याबरोबर. म्हातारी काठी टेकत आली, आपल्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, ‘चल, पेटव.’ मुलगा बाहेर जाऊन ताडपत्रीचं एक टोक सैल करून टोपलीभर लाकडं घेऊन आला. पेटवलं. पेटेना. कागद जळला, काड्या जळल्या, लाकूड नुसतं सुस्कारे टाकायला लागलं. त्याच्या टोकांतून फेस आला, खरंच फेस, आणि धुराचा असा लोट उलटला की छताला लावलेला धुराचा अलार्म किंचाळायला लागला. खिडक्या उघडल्या. बाहेर थंडी, आत थंडी, मध्ये म्हातारी शाल घेऊन बसलेली. मुलगा मागच्या दारानं बाहेर गेला. आम्ही त्याच्यामागे. ती पण उठली, थांब म्हटलं तरी उठली.

त्यानं गाठी सोडल्या नाहीत, चाकूनं दोरी कापली. ताडपत्री ओढली आणि मी तुला म्हटलं ना, तो वास. आतल्या बाजूनं ताडपत्रीला दरदरून घाम फुटलेला, पाणी ओघळत होतं. बर्चची ती पांढरी साल काळी पडलेली. ढलप्यांच्या तोंडांवर कापसासारखी बुरशी, काही ठिकाणी हिरवी, काही ठिकाणी माणसाच्या कानासारखी मऊ मऊ छत्रं उगवलेली. मी तोंडावर हात ठेवला. वाटलं, कुणीतरी दुसऱ्यानं केलंय हे, माझ्या हातांनी असं होणंच शक्य नाही. त्यानं दोन ढलप्या उचलल्या, एकमेकींवर आपटल्या. थप्प.

थांब, इथे तुला एक सांगून घेते, म्हणजे तू आज संध्याकाळीच उठून करशील. कोकणात ऊन काम उरकून गेलेलं असतं, मग आपण झाकतो. इथे ऊन कुठलं? इथे वाराच वाळवतो, रोज थोडा थोडा, दोन दोन वर्षं. डोकं झाकायचं फक्त, अंग मोकळं ठेवायचं. बाजूनं पाऊस लागला तरी वारा तो घेऊन जातो. तिनं बाजू उघड्या ठेवल्या होत्या त्या विसरून नव्हे. मी चाळीस वर्षं या देशात राहून पावसाशी माझ्या बालपणाच्या हिशेबानं वागले, काय म्हणायचं याला!

तर, मुलगा वळला. आवाज चढवला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं. ‘आई, हे कुणी बांधलं?’

मी तोंड उघडलं. देवाशपथ उघडलं. आणि माझ्याआधी ती म्हणाली, ‘मीच. पडायच्या आधीच्या आठवड्यात. पाऊस फार होता.’

‘तू? मी पाच वर्षांचा होतो तेव्हापासून मला सांगतेयस, लाकूड कधी गुंडाळायचं नाही. तू गुंडाळलंस?’

‘गुंडाळलं.’

‘का?’

‘लक्षात राहिलं नाही.’

त्याचा चेहरा पाहिला असतास. पांढराफटक. लाकडं गेल्याचं दुःख नव्हतं ते. खुबा जुळतो, डॉक्टरनं सांगितलेलंच होतं. पण आपल्या आईच्या डोक्यातून असली गोष्ट पुसली गेली, जी तिच्या हाडांत होती, त्याची भीती होती ती. तो तिच्यासमोर वाकला, हात हातात घेतले आणि लहान मुलाला समजवावं तसं म्हणाला, ‘त्या जागेत एक खोली रिकामी आहे. सोमवारी फोन करून हो म्हणतो. चालेल ना?’

तिनं एकदा माझ्याकडे बघितलं, एवढंच. आणि मी? मी, जी बँकेत, बसमध्ये, दुकानात कुणाशीही तासभर बोलत बसते, त्या माझ्या तोंडातून एक शब्द फुटला नाही. कढणाचं भांडं उचललं आणि घरी आले. शरमेनं माणूस मुका होतो असं ऐकलं होतं, पण माझी बाई, ती शरम मला चढलीच नव्हती अजून. मी नुसती थिजले होते. माझ्या डोळ्यांदेखत एक बाई माझ्या चुकीपायी स्वतःचं घर देऊन मोकळी झाली, आणि मी ते घडू दिलं.

हे जेवताना म्हणाले, ‘ताडपत्री मी आणली होती. पावती आहे माझ्याकडे. मी सांगू का जाऊन?’

‘नको.’

‘मग तू सांग.’

‘तो काय म्हणेल?’

‘काय म्हणेल ते म्हणेल. तुझं घर तर नाही ना जात आहे?’

एवढ्या वर्षांत हे माझ्याशी इतकं कडू बोलले नव्हते. रविवारी सकाळी, अंघोळ करून, देवापुढे दिवा लावून, मी गेले. मुलगा मागच्या अंगणात सडकी लाकडं बाजूला काढत होता. मी सगळं इंग्रजी मनात घोकून गेले होते, ते विसरलेच. म्हटलं, ‘मी केलं. मी बांधलं. तुमची आई हॉस्पिटलात होती तेव्हा. आमच्या गावाला असंच करतात. काल मी बोलले नाही, कारण मी घाबरट आहे.’

तो बघतच राहिला. ‘तुम्ही? मग आई कशाला—’

आम्ही दोघं आत गेलो. म्हातारी कोट घालून खुर्चीत, विझलेल्या स्टोव्हसमोर. त्यानं विचारलं, तर तिला राग आला. माझा! म्हणाली, ‘कशाला सांगितलंस? खोलीचं मी बघून घेतलं असतं. जमलं होतं माझं.’

‘काय जमलं होतं?’ तो ओरडलाच. ‘तुझं डोकं गेलं असं मला वाटलं! मी रात्रभर झोपलो नाही!’

‘डोकं आहे जागेवर.’ मग माझ्याकडे वळून तिनं जे सांगितलं ते मी जसंच्या तसं सांगते, माझ्या मराठीत. ‘लाकडाचं काय, हेन, ओलं झालं तर वाळतं परत. पण हा तुला काही बोलला असता, तर मला माहीत आहे काय झालं असतं. तू माफी मागितली असतीस. केक करून पाठवला असतास. आणि त्यानंतर यायच्या आधी दर वेळी फोन केला असतास. फोन करून येणारी माणसं मला भरपूर आहेत. हॉस्पिटलात सगळी येत होती, वेळेवर, द्राक्षं घेऊन.’

 एवढ्यासाठी? मी तिच्याकडे जायचे ती काय मोठं पुण्य करायला नव्हते गं. साखर संपली म्हणून, कंटाळा आला म्हणून, ह्यांच्याशी भांडण झालं म्हणून. ओल्या हातानं, पायात घरातल्या सपाता, मागच्या दारानं सरळ आत. त्याची किंमत कुणी कधी मोजत असेल, आणि ती एका घराएवढी असेल, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. अजूनही आठवलं की मला धक्काच बसतो. आजही, तुला लिहिताना.

मुलगा खाली गालिच्यावर बसला. मोठा पन्नाशीचा माणूस, तो दोन्ही हातांनी तोंड झाकून बसला. मग म्हणाला, ‘बरं. वाळवायचं कसं?’

वाळवलं. लाकूड मुळात दोन वर्षं मुरलेलं, आतून पक्कं होतं. वरवरचं बिघडलं होतं. सगळं सडलेलं टाकलं. उरलेलं बाहेर वाऱ्यावर परत मोकळं मोकळं रचलं, आणि लागेल तेवढं बारीक फोडून माझ्या घरात आणलं, कारण माझ्याकडे घर उबदार ठेवणारे गॅसचे रेडिएटर. म्हातारी खुर्चीतून हुकूम सोडायची, मुलगा वाहायचा. माझ्या घराचं काय झालं म्हणून सांगू! सोफ्यामागे लाकडं, पुस्तकांच्या कपाटात लाकडं, इस्त्रीच्या टेबलावर लाकडं, देव्हाऱ्याच्या दोन्ही बाजूंना पहारेकऱ्यांसारखी लाकडं. त्यांतून गोगलगाईसारखे राखाडी किडे निघायचे आणि हे त्यांना पेपरवर घेऊन बाहेर सोडायचे. ‘माझ्या बाथटबात जंगल उगवलंय,’ म्हणायचे, ‘मी आता ओढ्यावर अंघोळ करू का?’ रोज दुपारी मी वाळलेली टोपली घेऊन पलीकडे जायचे. पहिल्या दिवशी म्हातारीनं दोन ढलप्या आपटल्या, कान देऊन ऐकलं, आणि त्यातली एक आत घातली. धरली गं. भुर्रकन धरली.

सोमवारी मुलानं फोन केला तो खोली नको सांगायला.

तीन हिवाळे राहिली ती त्यानंतर. चौथ्याला तिनं स्वतःच त्याला बोलावलं. टोपली उचलवत नव्हती, आणि मी उचललेली तिला चालत नव्हती. करार म्हणजे करार. जाताना लाकडं मला देऊन गेली, पुढच्या वर्षीची आणि त्याच्या पुढच्या वर्षीची. घर विकलं गेलं. नवं जोडपं सज्जन आहे, कुंपणापलीकडून हात हलवतं. दर रविवारी मी तिला फोन करते. परवा म्हणाली, ‘इथे भिंतीवर बटण दाबलं की खोली गरम होते. सगळे फार चांगले आहेत, हेन. येण्याआधी फोन करतात.’ 

तेव्हापासून मी मोजायला लागले. आपल्या दारात न सांगता, काही काम नसताना शेवटचं कोण आलं होतं? मोजायला बोटंच लागली नाहीत. सगळे कॅलेंडर बघून येतात, तीन आठवडे आधी ठरवून, हातात मिठाईचा डबा घेऊन. मी पण तेव्हा घर आवरते, चांगली साडी नेसते, आणि ती माणसं गेल्यावर मला वाटतं, आली कुठे होती ती?

म्हणून सांगते, तू ये. मेसेज करून नको, ‘काकू, कुठला वीकेंड बरा’ असलं विचारून तर मुळीच नको. मी भांडी घासत असेन, हे घोरत असतील, डाळ कदाचित कालचीच असेल. समोरचं दार वाजवत बसू नकोस, मागच्या बाजूनं सरळ आत ये. लवकर ये गं.